पर्यटनविषयक अभिप्रायांची चिकित्सा : कोकण किनाऱ्यावरील अभ्यास सहलीच्या नियोजनाच्या संदर्भात

गोषवारा

अभ्यास सहलीचे नियोजन करताना महाविद्यालयीन प्राध्यापक आज संकेतस्थळांवरील अभिप्राय व मानांकने यांचा मोठ्या प्रमाणावर आधार घेतात. या अभिप्रायांच्या खरेखोटेपणाची चर्चा बरीच होते. परंतु प्रामाणिकपणे लिहिलेला अभिप्रायही कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात न्यायदर्शनातील ‘आप्त’ या संकल्पनेच्या आधारे या दोन दोषांतील भेद स्पष्ट केला असून, रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर–मुरूड परिसराच्या उदाहरणाने तो तपासून पाहिला आहे.

बीजसंज्ञा : अभ्यास सहल, अभिप्राय, मानांकन, आप्तवाक्य, साधनचिकित्सा, भरती-ओहोटी.

प्रस्तावना

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की महाविद्यालयाच्या विविध विभागांत सहलीची चर्चा सुरू होते. भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र या विषयांत क्षेत्रभेट हा अभ्यासाचाच भाग असल्याने ती टाळता येत नाही. सहलप्रमुख म्हणून बहुधा विभागातील सर्वांत कनिष्ठ सहायक प्राध्यापकाची नेमणूक होते, हेही वाचकांना परिचित आहे. पूर्वी अशा वेळी आधी जाऊन आलेल्या सहकाऱ्याला विचारले जाई, त्या गावच्या ओळखीच्या शिक्षकाला पत्र टाकले जाई, फार तर एखादी पुस्तिका चाळली जाई. आज भ्रमणध्वनीवर स्थळाचे नाव टाकताच शेकडो अभिप्राय, छायाचित्रे आणि पाचपैकी किती तारे हा आकडा समोर येतो. माहितीची ही विपुलता स्वागतार्ह आहेच. प्रश्न असा, की ही माहिती नेमकी कशाविषयीची आहे?

या प्रश्नाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात थलौट येथे बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा एक सहलसंयोजक, वरच्या अंगाच्या लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. या घटनांचा दोष कोणाच्या अभिप्रायावर ठेवण्याचा येथे हेतू नाही; तसा पुरावाही नाही. एवढेच लक्षात घ्यावयाचे की दोन्ही स्थळे रम्य म्हणूनच प्रसिद्ध होती व आहेत. त्या दिवशी, त्या घटकेला पाण्याची स्थिती काय होती हे त्या प्रसिद्धीतून कोणालाही कळण्यासारखे नव्हते.

आप्त कोणास म्हणावे?

दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाने फार पूर्वी हाताळला आहे. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे मानली जातात. यांतील शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोन गोष्टी अभिप्रेत आहेत. एक, त्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान असावे. आणि दोन, जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही वात्स्यायन नमूद करतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे विधान मोलाचे आहे. सांगणाऱ्याची प्रतिष्ठा, पदवी वा अनुयायांची संख्या येथे निकष ठरत नाही. सांगणारा कोळी असो, एस.टी.चा वाहक असो वा विद्यापीठातील प्राध्यापक असो, निकष तेच दोन राहतात.

इतिहासाच्या अध्यापकांना हीच कसोटी साधनचिकित्सेच्या रूपाने परिचित आहे. १६९७ च्या सुमारास सिद्ध झालेली सभासदाची बखर आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेली मल्हार रामराव चिटणिसाची बखर यांना आपण समान तोलाचे पुरावे मानत नाही. लेखक घटनेच्या किती निकट होता, कोणासाठी लिहीत होता, हे आपण आधी विचारतो. वर्गात शिवकालाविषयी एवढी दक्षता घेणारे आपण, सहलीची निवासव्यवस्था निश्चित करताना मात्र लेखकाचे नाव नसलेल्या चार ओळींवर विसंबतो, ही विसंगती प्रस्तुत लेखिकेने स्वतःच्या बाबतीतही अनुभवली आहे.

आप्ताच्या लक्षणातील दोन अटींवरून अभिप्रायांचे दोन दोष संभवतात : हेतूचा दोष आणि ज्ञानाचा दोष. आजवरची बहुतेक चर्चा पहिल्या दोषापुरती मर्यादित राहिली आहे. दुसरा दोष अधिक धोक्याचा आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

हेतूचा दोष

बनावट अभिप्रायांमागील आर्थिक प्रेरणा उघड आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून दाखवून दिले, की येल्प या संकेतस्थळावरील मानांकनात एका ताऱ्याची वाढ झाली तर उत्पन्नात ५ ते ९ टक्के वाढ होते. जेथे ताऱ्याला एवढी किंमत आहे, तेथे तारे विकत घेणारे व विकणारे निर्माण होणार हे ओघानेच आले. २०१७ मध्ये ऊबा बटलर या ब्रिटिश पत्रकाराने लंडनमधील आपल्या घरामागच्या शेडचे एक काल्पनिक उपाहारगृह केले, मित्रांकरवी अभिप्राय लिहून घेतले आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझर या संकेतस्थळाच्या यादीत लंडनमधील अठरा हजारांहून अधिक उपाहारगृहांत ते पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखविले. तेथे तोवर एकाही ग्राहकाने जेवण केलेले नव्हते. इटलीतील लेच्चे येथील न्यायालयाने २०१८ मध्ये असे बनावट अभिप्राय विकणाऱ्या एका व्यावसायिकाला नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली.

संस्थात्मक रचनेचा या दोषाशी कसा संबंध आहे, हे डिना मेझलिन, यानिव डोव्हर व जुडिथ शेव्हॅलिए यांच्या २०१४ मधील संशोधनातून स्पष्ट होते. त्यांनी एकाच हॉटेलविषयी दोन संकेतस्थळांवरील अभिप्रायांची तुलना केली. एक्स्पीडियावर, त्या संकेतस्थळामार्फत आरक्षण करून राहिलेल्यालाच लिहिता येत असे, ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कोणालाही. ज्या हॉटेलाच्या शेजारी प्रतिस्पर्धी हॉटेल होते, त्याच्याविषयी दुसऱ्या प्रकारच्या संकेतस्थळावर प्रतिकूल अभिप्रायांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे स्तुतीप्रमाणे निंदाही प्रायोजित असू शकते. या संशोधनातून मिळणारा व्यावहारिक बोध सोपा आहे : अभिप्राय लिहिण्यासाठी तेथे प्रत्यक्ष जाणे आवश्यक आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

वाचून खोटेपणा ओळखता येतो, असा आपला समज असतो. भाषा-साहित्याच्या अध्यापकांचा तर विशेषच. कॉर्नेल विद्यापीठातील मायल ऑट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शिकागोतील २० हॉटेलांविषयीचे ४०० खरे व मुद्दाम लिहवून घेतलेले ४०० खोटे अभिप्राय एकत्र केले. त्यांतील निवडक अभिप्राय वाचणाऱ्या माणसांची ओळखण्याची क्षमता नाणेफेकीपेक्षा फारशी सरस ठरली नाही. संगणकाने मात्र सुमारे ९० टक्के अभिप्राय अचूक ओळखले. खऱ्या अभिप्रायांत जागेचे तपशील अधिक होते : न्हाणीघर, मजला, खोलीचा लहानमोठेपणा. खोट्यांमध्ये सुट्टी, पती, कोणासोबत आलो याचे वर्णन अधिक. जो तेथे गेलाच नाही त्याला जिना डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगता येत नाही, हे त्याचे कारण. अर्थात हे माणसांनी रचलेल्या खोट्याविषयी झाले. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने क्षणार्धात सफाईदार मजकूर तयार होऊ लागल्याने शैलीवरून निर्णय करणे अधिकच अवघड झाले आहे.

शासनस्तरावरही या दोषाची दखल घेतली गेली आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणाऱ्याची ओळख पडताळणे, अभिप्राय गोळा करण्याची व प्रसिद्ध करण्याची पद्धत पारदर्शक ठेवणे, अशा अपेक्षा त्यात आहेत. हे मानक ऐच्छिक स्वरूपाचे म्हणून आणले गेले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री प्रतिबंधित करणारा नियम लागू झाला. या सर्व उपायांचे लक्ष्य एकच आहे : लिहिणारा खरा असावा. तो जाणकार असावा, अशी अट कोणतेही मानक घालू शकत नाही.

ज्ञानाचा दोष

समजा, सर्व अभिप्राय खरे आहेत. कोणीही पैसे घेतलेले नाहीत, प्रत्येक जण तेथे जाऊन आला आहे. तरीही काय उरते, हे एका अनुभवाने सांगता येईल.

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी त्याचे महत्त्व निराळे आहे. काळभैरव मंदिरामागून प्रदक्षिणामार्गाने पुढे गेल्यावर दोन कड्यांमधील पायऱ्या थेट समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतात. खाली सागरी कडा, तरंगघर्षित चबुतरा आणि लाटा व खारे वारे यांनी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे कोरून काढलेला खडक हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. पाठ्यपुस्तकातील आकृती आणि प्रत्यक्ष भूरूप यांचा एवढा जवळचा मेळ कोकणात फार थोड्या ठिकाणी बसतो. परंतु हा मार्ग चालण्याजोगा असतो तो केवळ ओहोटीच्या वेळी.

जानेवारी २०१९ मध्ये प्रस्तुत लेखिका चाळीसएक विद्यार्थ्यांसह तेथे गेली होती. नियोजन करताना वाचलेल्या अभिप्रायांपैकी एक विशेष उपयुक्त वाटला होता. लिहिणाऱ्याने सहकुटुंब प्रदक्षिणा पूर्ण केली होती, दुपारी बाराला खाली उतरलो असे स्पष्ट लिहिले होते, सोबत कोरड्या खडकांची छायाचित्रे होती आणि दिनांकही होता : शनिवार, १५ डिसेंबर २०१८. खोटेपणाची एकही खूण त्यात नव्हती. उलट वर सांगितलेल्या कॉर्नेलच्या कसोटीवर तो उत्तम उतरला असता. त्यानुसार आम्ही २१ जानेवारीला साडेअकराच्या सुमारास पायऱ्यांपाशी पोहोचलो. तेथे कोकम सरबत विकणाऱ्या एका बाईंनी आम्हाला अडविले. “मॅडम, पोरांना आता खाली नेऊ नका. पाणी चढलंय. चारनंतर या.” खाली पाहिले तेव्हा शेवटच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या.

त्या गृहस्थांनी काहीही खोटे लिहिले नव्हते. १५ डिसेंबरला शुक्ल पक्षातील अष्टमी होती, २१ जानेवारीला पौष पौर्णिमा. आपल्या किनारपट्टीवर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घटका. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे ऐन दुपारी पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ परस्परांना काटकोनात असल्याने पाण्याची चढउतार कमी, म्हणजे भांगाची भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती सर्वाधिक. एकच जागा, घड्याळातील जवळजवळ तीच वेळ, आणि परिस्थिती नेमकी उलटी.

(हा गुणाकार मुंबई परिसरातील वेळांशी बऱ्यापैकी जुळतो, दक्षिणेकडे जावे तसा फरक पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि ठोकताळ्यात ती ४५ मिनिटे धरलेली आहे. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरावी. नियोजनासाठी तो पुरेसा आहे, विद्यार्थ्यांना पाण्यालगत नेण्यासाठी नाही.)

दररोज ५० मिनिटे म्हणजे सात दिवसांत पावणेसहा तासांहून अधिक. याचा अर्थ असा, की गेल्या रविवारी एखाद्याला ज्या वेळी ओहोटी मिळाली, त्याच वेळी येत्या रविवारी भरती असेल. आपल्या सहली बहुधा शनिवार-रविवारी जातात, अभिप्राय लिहिणारेही बहुधा त्याच दिवशी गेलेले असतात, आणि म्हणून आठवड्याच्या अंतराने लिहिलेले दोन प्रामाणिक अभिप्राय परस्परविरुद्ध असणे ही येथे स्वाभाविक गोष्ट ठरते. वाचणारा मात्र त्यांतील एकाला खोटा ठरवितो, किंवा दोहोंची सरासरी काढतो. समुद्राची सरासरी काढून उपयोग नाही.

ज्ञानाच्या दोषाचे हे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. अभिप्राय देणाऱ्याला साक्षात ज्ञान असते, पण ते कशाचे? त्या एका दिवसाच्या स्वतःच्या अनुभवाचे. स्थळाचे ज्ञान त्याला असतेच असे नाही. सरबत विकणाऱ्या बाईंना तिथी माहीत होती की नाही हे आम्ही विचारले नाही. परंतु वर्षातील बहुतेक सर्व दिवस त्या त्याच पायऱ्यांपाशी असतात. वात्स्यायनाच्या लक्षणानुसार तेथे आप्त कोण, याविषयी संशय राहत नाही.

शिवाय अभिप्राय लिहिण्यासाठी मनुष्य सुखरूप परत यावा लागतो. ‘काही धोका नाही, आम्ही बरेच आतपर्यंत गेलो’ हे वाक्य ज्याला धोका झाला नाही त्यानेच लिहिलेले असते. अशी शंभर वाक्ये एकत्र केली तरी त्यातून सुरक्षिततेचा पुरावा तयार होत नाही, कारण उलट साक्ष देणारे साक्षीदार या यादीत येऊच शकत नाहीत. बियासच्या पात्रातील त्या खडकांवर त्याआधी असंख्य प्रवाशांनी छायाचित्रे काढली असतील. त्यांच्यापैकी कोणाच्याही वेळी पाणी सोडले गेले नसेल, एवढाच त्याचा अर्थ.

स्थळाच्या नावापासूनच घोटाळा होऊ शकतो, याची एक नोंद येथे करावीशी वाटते. कोकणात किनाऱ्यावरची दोन मुरूड आहेत. एक रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, ज्याच्याजवळ राजपुरीहून जंजिऱ्याला बोटी सुटतात. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड, ज्याच्याजवळ हर्णै बंदर व समुद्रातील सुवर्णदुर्ग आहे. दोन्हीकडे किनारा, दोन्हीकडे जलदुर्ग, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या बागा. ‘मुरूडला राहण्याची सोय उत्तम, किल्ला बोटीने दहा मिनिटांवर’ असा अभिप्राय कोणत्या मुरूडचा, हे ठरविण्यासाठी पुष्कळदा छायाचित्रातील तट न्याहाळावा लागतो. नकाशावरील अंतराचेही तसेच. हरिहरेश्वर व वेळास ही गावे नकाशावर जवळजवळ दिसतात. मध्ये बाणकोटची खाडी आहे आणि बागमांडला–वेसवी फेरीबोटीने ती ओलांडावी लागते. बोटीची वेळ चुकली तर हा ‘जवळचा’ मार्ग बसभर विद्यार्थ्यांसह धक्क्यावर थांबण्याचा मार्ग होतो. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अपूर्ण पुलावरून मोटार कोसळून तीन जण मरण पावले, तेव्हा ते भ्रमणध्वनीवरील नकाशाच्या आधारे जात होते असे वृत्त होते.

वेळासच्या बाबतीत प्रतिकूल अभिप्रायांचा उपयोग कसा करावा, याचेही उदाहरण मिळते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले व पुढे कासव महोत्सवामुळे ते गाव प्रसिद्धीस आले. पिल्ले बाहेर येतात ती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आणि ती समुद्रात सोडली जातात सकाळी व सायंकाळी. नेमकी कोणत्या दिवशी निघतील हे निसर्गावर अवलंबून. ‘दोन दिवस थांबलो, एकही कासव दिसले नाही, पैसे वाया’ असे लिहून कोणी एक तारा देतो. तारा बाजूला ठेवला तर हे विधान फार उपयुक्त आहे : दोन दिवस थांबूनही पिल्ले न दिसण्याची शक्यता आहे, हे प्राणिशास्त्राच्या सहलप्रमुखाला विद्यार्थ्यांना आधी सांगता येते. अभिप्रायातील विशेषणे गाळून जी वस्तुस्थिती उरते तेवढीच टिपून घ्यावी, हा संकेत पाळला तर रागाने लिहिलेले अभिप्राय पुष्कळदा स्तुतीपेक्षा अधिक माहिती देतात.

सरासरीविषयी थोडेसे

संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना हा भाग प्राथमिक वाटेल. १२ अभिप्रायांवरून ४.९ आणि ९०० अभिप्रायांवरून ४.३ यांत पहिले मानांकन वरचढ दिसते. परंतु दोन्हींत प्रत्येकी ३.८ मूल्याचे २० काल्पनिक अभिप्राय मिळवून पाहावेत (३.८ ही त्या परिसरातील सर्वसाधारण निवासांची सरासरी धरली आहे). पहिल्याची सरासरी ४.२१ वर येते, दुसऱ्याची ४.२९ राहते, क्रम उलटतो. थोड्या अभिप्रायांचे मानांकन असे सहज हलते. त्यातच अभिप्राय देतात ते बहुधा अतिशय संतुष्ट वा अतिशय असंतुष्ट झालेले लोक. ‘ठीक होते’ असे वाटणारे लिहिण्याचा त्रास घेत नाहीत. म्हणून तीन ताऱ्यांचे अभिप्राय संख्येने थोडे असले तरी आधी वाचावेत.

आणि मुळात ते अभिप्राय कोणाचे? घरगुती निवासाविषयी लिहिणारी चार माणसांची कुटुंबे असतात. खोली स्वच्छ, मोदक उत्कृष्ट, मालक अगत्यशील, हे सर्व खरे असूनही सकाळी सहा वाजता चाळीस जणांना गरम पाणी मिळेल का, मुलींच्या निवासाला स्वतंत्र प्रसाधनगृहे किती, गावातील अरुंद रस्त्यावर मोठी बस वळते का, यांची उत्तरे त्यात नसतात. ती देण्याचा प्रसंगच त्या कुटुंबांवर आलेला नसतो.

कोणता प्रश्न कोणाला विचारावा

वरील विवेचनावरून सहलप्रमुखाने आपल्या प्रश्नांची वर्गवारी आधी करणे इष्ट ठरते. आवडीनिवडीचे प्रश्न अभिप्रायांवर सोपविण्यास हरकत नाही. जेवणाची चव, मालकाचे वागणे, किनाऱ्याची स्वच्छता याविषयी अनेकांचे मत हेच त्यातल्या त्यात चांगले प्रमाण होय; चूक झाली तर फार तर एक जेवण बिघडते. दिवसागणिक बदलणाऱ्या वस्तुस्थितीचे प्रश्न मात्र अभिप्रायाने सुटतच नाहीत, तेथे दुसरे साधन हवे. भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. उंच लाटांविषयीचे इशारे हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र देते, पावसाचे हवामान विभाग. जंजिऱ्याची बोटवाहतूक पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जूनमधील सहलीसाठी डिसेंबरमधील अभिप्राय वाचणे निरर्थक. नदीच्या पात्राजवळ जायचे असेल तर वरच्या अंगाला धरण आहे का आणि पाणी सोडण्याची सूचना कोण देते, हे संबंधित कार्यालयालाच विचारावे लागते. अशी विचारणा लेखी केली की उत्तर येवो न येवो, आपल्या संचिकेत तिची नोंद राहते. सहलीच्या परवानगीवर स्वाक्षरी करणाऱ्या प्राचार्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

स्थानिकांना विचारण्याचीही एक पद्धत असते. सहल आयोजित करून देणारा व्यावसायिक, हॉटेलचालक, बोटवाला यांचे ज्ञान पक्के असते, पण त्यांचे उत्पन्न आपल्या येण्यावर अवलंबून असते. म्हणजे आप्ताच्या लक्षणातील पहिली अट पूर्ण होते, दुसरी संशयास्पद राहते. म्हणून प्रश्नाची रचना बदलावी. ‘येथे पोहायला धोका आहे का?’ असे विचारल्यास ‘छे, काही नाही, लोक येतातच की’ हे उत्तर ठरलेले. ‘गेल्या चार-पाच वर्षांत या किनाऱ्यावर कोणी बुडाले का? कोणत्या बाजूला?’ असे विचारल्यास तोच मनुष्य हात करून जागा दाखवितो आणि महिनाही सांगतो. प्रस्तुत लेखिकेला हा फरक दोन निरनिराळ्या गावांत अनुभवास आला आहे. मताचा प्रश्न केला की मनुष्य सौजन्याने उत्तर देतो, घटनेचा केला की आठवून देतो. मुलाखतीचे तंत्र शिकविणाऱ्या समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांना यात नवे काही नाही. सहलीच्या नियोजनात ते वापरले जात नाही एवढेच.

राहिला प्रश्न आपण स्वतः मागे काय ठेवतो याचा. बहुतेक विभागांत सहलीचा अहवाल लिहिला जातो. त्यात उद्घाटनाला कोण उपस्थित होते, विद्यार्थ्यांनी किती उत्साहाने सहभाग घेतला व शेवटी आभार कोणी मानले, हे सविस्तर असते. पुढच्या वर्षीच्या सहलप्रमुखाला त्यातून हाती काही लागत नाही. म्हणजे आपला अहवालही एक प्रकारे पाच ताऱ्यांचा अभिप्रायच झाला. २०१९ नंतर आमच्या विभागात अहवालाला एक पान जोडण्याचा प्रघात पाडला आहे. त्यावर प्रत्येक थांब्यासमोर दिनांक, तिथी, पोहोचल्याची वेळ व पाण्याची स्थिती लिहिली जाते. बस कोठे वळविली, सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर होते, भ्रमणध्वनीला कोठून कोठपर्यंत संपर्क मिळाला नाही, आणि कोणी काय सांगून अडविले, हेही. हरिहरेश्वरच्या पानावरील नोंद अशी आहे : ‘२१ जानेवारी २०१९, पौष पौर्णिमा, सकाळी ११.३०. शेवटच्या पायऱ्या पाण्यात. सरबतवाल्या बाईंच्या सांगण्यावरून थांबलो. ४.२० वाजता उतरलो, चबुतरा मोकळा, ५.१५ ला सर्वांना वर घेतले. शेवाळावर दोन विद्यार्थी घसरले, किरकोळ खरचटले. दोरी व शिट्टी न्यावी.’